आमिहानच्या भुवया आणि तीन शाळा

खोटं बोलत असेन तर सान्तो निन्यो, आमचा बाळ येशू, माझी वाचा नेवो. हसू नका. यातला शब्द न् शब्द खरा आहे. शेजारची रोसिंग नाही म्हणेल, पण ती तिथे नव्हतीच. मी होते.

माझा दिंदो पूल बांधतो. कंपनीने त्याला फिलिपीन्समधल्या आमच्या इलोइलोहून उचलून मलेशियात क्वालालंपूरला टाकलं, तीन वर्षांसाठी. पुढे कुठे टाकतील ते कंपनीलाच ठाऊक. बरोबर सून जोवेलिन, सहा वर्षांची आमिहान आणि मी. भात नीट शिजवायला कुणीतरी लागतंच.

आल्या आल्या दिंदोने फ्रिजवर तक्ता लावला. एक शाळा ब्रिटिश अभ्यासक्रमाची, एक अमेरिकन, आणि तिसरी इंटरनॅशनल बॅकलॉरिएटवाली, जिथे म्हणे पोरंच बाईंना प्रश्न विचारतात. पुढची बदली झाली तर अभ्यास कुठे जुळेल, पोहायचा तलाव आहे का, बस येते का, सगळ्याला गुण. पूल बांधणारा माणूस, लेकीची शाळासुद्धा खांब मोजून निवडणार.

पण आपण निवडून काय उपयोग? शाळेनेही पोरीला घ्यायला हवं ना. ब्रिटिश शाळेने तपासलं आणि कळवलं, मुलगी उत्तरच देत नाही. अमेरिकन शाळेनेही तेच. घरी हीच पोर मला शंभरापर्यंत आकडे उलटे म्हणून दाखवायची.

जोवेलिनने बॅग काढून पोरीचे कपडे भरले. "तिसऱ्यांनीही नको म्हटलं तर मी आमिहानला घेऊन घरी जाते. तिथे तिची शाळा आहे. तू बांध तुझे पूल."

"आणि मी?" दिंदो म्हणाला.

"तू व्हिडिओवर बाप हो."

मला ते लागलं. माझा नवरा जहाजावर होता, अकरा वर्षं. दिंदो चार वर्षांचा होईपर्यंत बापाला 'पाहुणे' म्हणायचा. तेच परत बघायला मी समुद्र ओलांडून आले नव्हते.

तिसरी शाळा छोटी. तलाव नाही, अंगणात एक फणस. थिलगा नावाच्या बाईंनी दार उघडलं. "आईबाबा बाहेर थांबा. आजी आत चालतील, पण एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर तपासणी रद्द."

मी कोपऱ्यात बसले, पिशवी मांडीवर. बाईंनी चित्रं मांडली आणि वहीत डोकं घातलं. "यातलं सगळ्यात मोठं कुठलं?"

आमिहानने ओठ पुढे काढून हत्ती दाखवला.

बाईंची नजर वहीत. थोडं थांबून त्यांनी काहीतरी लिहिलं. "आता पाच अधिक तीन. उत्तर आठ, बरोबर ना?"

आमिहानने दोन्ही भुवया उचलल्या. बाईंनी परत लिहिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोर धडाधड उत्तरं देत होती. आमच्याकडे मोठ्या माणसासमोर बोट करणं उद्धटपणाचं, म्हणून आम्ही ओठांनी दाखवतो. हो म्हणायचं तर भुवई. सगळं गाव असंच बोलतं. माझ्या मावशीने एकदा बंदरावरची होडी ओठांनी दाखवली, तर तो ओठ इतका लांब गेला की दोन प्रवासी त्याच दिशेने सरळ पाण्यात चालत गेले. आणि आम्हाला चौघांना एकदाही सुचलं नाही, की परक्या गावात याला कुणी गप्प बसणं समजेल.

सांगायचं कसं? तोंड उघडलं की तपासणी रद्द.

तेवढ्यात बाई चष्मा टेबलावर ठेवून पाणी आणायला गेल्या. आणि खिडकीतून आलं माकड. हे एवढं, माझ्या दिवंगत सासऱ्यांसारख्या तोंडाचं. त्याने चष्मा उचलला, घालून बघितला, आवडला नाही म्हणून कपाटावर फेकला आणि फणसावर पसार.

बाई आल्या. टेबल चाचपलं, वही हलवली, खाली वाकल्या. शेवटी आमच्याकडे बघितलं, अगदी जवळ येऊन, डोळे बारीक करून. "माझा चष्मा कुठे गेला?"

आम्हा दोघींचे ओठ एकदम पुढे आले. कपाटाच्या दिशेने.

बाईंनी माझे ओठ बघितले, पोरीचे बघितले, मग कपाटावर हात फिरवला. चष्मा हातात आला. त्यांनी तो घातला नाही आधी. आमिहानसमोर उकिडव्या बसल्या. "इथे आहे, हे तू मला सांगितलंस?"

भुवया वर.

"म्हणजे हो?"

भुवया परत वर.

बाईंनी वहीतलं पान फाडलं. "चल, पहिल्यापासून." आणि या वेळी सगळे प्रश्न पोरीच्या तोंडाकडे बघत विचारले. एकही चुकला नाही. शेवटी पोरीने आपणहून विचारलं, "तुमच्या झाडाला फणस कधी लागतात?" बाई म्हणाल्या, "आमच्याकडे असंच हवं असतं."

संध्याकाळी त्यांचा फोन आला, जागा दिली. गंमत म्हणजे ब्रिटिश शाळेचाही आला. घेऊ, पण एक इयत्ता खाली.

दिंदो तक्त्यापुढे उभा. मला तो नानाय म्हणतो, म्हणजे आई. "ब्रिटिश शाळा प्रत्येक देशात सापडते, नानाय. बदली झाली तर सोपं. आणि ही तिसरी माझ्या तक्त्यात गुणांनी शेवटची आहे. तलावसुद्धा नाही."

जोवेलिन म्हणाली, "पोरीकडे बघणाऱ्या बाईंचा रकाना आहे का तुझ्या तक्त्यात?"

"तो कसा मोजू?"

"मग मोजू नकोस. तिला विचार."

त्याने तिन्ही शाळांचे कागद जमिनीवर पसरले. "आमिहान, कुठे जायचं?"

तिने ओठ काढले, थेट फणसाच्या शाळेकडे.

"नीट तोंडाने सांग की."

"बाबा, तोंडच आहे ना हे?"

दिंदो हसला, बऱ्याच दिवसांनी. तक्ता फ्रिजवरून काढला आणि त्याच्या मागच्या बाजूला बसची वेळ लिहिली. जोवेलिनने बॅग उघडली आणि पोरीचे कपडे एकेक करून परत कपाटात लावले. मी भात टाकला, चौघांचा.

बरं, सान्तो निन्यो ऐकतोय, म्हणून एवढं सांगून टाकते. माकड नव्हतं. बाई पाण्याला गेल्यावर हा दुखरा गुडघा घेऊन, चष्मा कपाटावर ठेवायला खुर्चीवर मीच चढले होते. आमिहानने बघितलंय. विचारलंत तर ती फक्त भुवया उचलेल.