टप कापलेली गाडी

दुपारी एक वाजता बनाबाई सुईण माजघरातून बाहेर आली. दोन्ही हात तिने अंगापासून लांब धरले होते.

"बाळाचा हात भाईर आलाय," ती म्हणाली. "डोकं न्हाई, हात. आता माझ्याच्यानं हुनार न्हाई, नाथाजी. मिरजंच्या दवाखान्यात न्या पोरीला."

सोप्यात बसलेला नाथाजी उठला. सबंध गावात मोटार एकच होती आणि ती त्याचीच होती. अंगणापलीकडे गोठ्यात, दावणीला लागून ती उभी होती. तिला टप नव्हता.

टप कापून आठ दिवस झाले होते. तो गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवला होता आणि त्याच्या सावलीला कोंबड्या बसू लागल्या होत्या.

गाडी मूळची चार दारांची, उंच टपाची. एका संस्थानाने मोडीत काढली तेव्हा नाथाजीने ती घेतली होती. लढाईत तो मोटारदुरुस्तीच्या तुकडीत हवालदार होता. इटलीत एका अमेरिकन मिस्त्रीने त्याला एक फोटो दाखवला होता. फोटोतली गाडीही अशीच जुनी, पण तिचे खांब मधून कापून टप चार बोटं खाली बसवलेला, मागची दोन दारं बुजवलेली, काचा फटीएवढ्या. उभी असली तरी पळतेय असं वाटावं अशी. तो फोटो नाथाजीच्या डोक्यातून गेला नाही. अशी एक गाडी करायची, सांगलीत गॅरेज काढायचं आणि ती दारात उभी करायची, पाटी लावायचीसुद्धा गरज नाही, असं तो धुळाला सांगत असे. धुळा त्याच तुकडीतला, माणदेशी धनगर. लोखंड जोडायच्या गॅसच्या टाक्या सांगलीहून बैलगाडीत घालून त्यानेच आणल्या होत्या.

गावाने चेष्टा केली ती केलीच. "हवालदार, टप खाली घेतल्यावर पटका कुठं ठिवायचा?" शेजारच्या लालासाहेबांनी विचारलं होतं.

"मांडीवर घ्यायचा, आबा."

"मग डोस्कं कुठं ठिवायचं?"

"तेबी मांडीवरच," धुळा म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

गाडी आताच का उघडली, याला कारण होतं आणि ते सगळ्यांना पटलेलं होतं. नाथाजीची बहीण शालूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा हंबीरराव पलटणीत, जबलपूरला. सासर पाटणकडे. सातवा संपायच्या आत न्या, असा सासूचा निरोप आला तेव्हा नाथाजीनेच तिला याच गाडीतून आणलं होतं. आठव्या महिन्यात बाईने शीव ओलांडायची नसते, नदी तर नाहीच. ती एकदा घरात आली आणि आठवा लागला, म्हणजे नववा लागेपर्यंत तिला कुठेही न्यायचं नव्हतं. महिनाभर गाडीचं काम पडणार नव्हतं. नाथाजीने दुसऱ्याच दिवशी करवत लावली.

टप कापण्याआधी आत लोखंडी आडवे दांडे बांधायचे असतात, नाहीतर वरचं अंग पसरतं. हे त्याला माहीत होतं. धुळाने विचारलंही होतं.

"बैलगाडीचा वरचा तट्ट्या काढला तर खालचा साटा हलतो व्हय?" नाथाजी म्हणाला होता. "आन् महिनाभर हिच्यात बसनार कोन हाय? दांडे सांगलीसनं आनू सावकाश."

कळा आज पहाटेच सुरू झाल्या होत्या. सकाळी आठच्या सुमारास पाणी गेलं तेव्हाच नाथाजी म्हणाला होता, की मिरजेला नेऊ. आई, राहीबाई, उंबऱ्यात आडवी आली.

"आठव्यात यरळा ओलांडायची न्हाई. बाळालाबी न्हाई सोसत, आईलाबी न्हाई. बनाबाईंनी माझी चार बाळंतपनं काढली, हिचंबी काढतील."

बनाबाईने मान डोलावली होती. नाथाजीने पुढे रेटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंच वाटलं होतं, कारण गोठ्यातली गाडी कशी आहे हे त्याला ठाऊक होतं. तेव्हापासून एक वाजेपर्यंत तो सोप्यात बसून होता.

आता तो आईसमोर उभा राहिला. आगगाडी स्टेशनातून गेलेली होती, दुसरी रात्री होती. बैलगाडीने मिरज म्हणजे दुसरा दिवस उजाडणार.

"आय, यरळंत पानी कुठं हाय? कोरडी ठाक पडलीया. वाळूला नदी कोन म्हनतंय?"

राहीबाईने त्याच्याकडे पाहिलं. आत गेली आणि फडताळावरचं घोंगडं घेऊन आली.

हीच गोष्ट आठ वाजता सांगता आली असती, हे नाथाजीच्या तेव्हाच ध्यानात आलं.

धुळाने पुढची डावी बैठक सोडवून अंगणात टाकली. मागची आधीच काढलेली होती. त्या जागेत गादी अंथरली. मागची दारं गॅसने बुजवलेली आणि पुढच्या दारातून आडवं माणूस आत जाईना. शेवटी चौघांनी घोंगड्याची चार टोकं धरली आणि शालूबाईला वरून, जिथे टप असायला हवा होता तिथून, आत सोडलं. उतरताना तिने एका कापलेल्या खांबाला मूठ घातली. कड कानस न मारलेली होती. मूठ सोडवली तेव्हा तळहातातून रक्त येत होतं, पण तिला ते कळलेलं दिसलं नाही.

राहीबाई आणि बनाबाई मागे, तिच्या उशाशी बसल्या. डावं दार लागेना. खांबाचं वरचं टोक सुटल्यापासून दार आणि चौकट यांत तीन बोटांची फट पडली होती. धुळा पायफळीवर उभा राहिला आणि त्याने दार अंगाने दाबून धरलं.

"चला, हवालदार," तो म्हणाला. "सावकाश घ्या, पन थांबू नगा."

फाल्गुन संपत आला होता. समोरची काच काढलेली असल्यामुळे धूळ सरळ तोंडावर येत होती. नाथाजीने पटक्याचा शेव नाकाला बांधला. मागे दोघी म्हाताऱ्यांनी घोंगडं दोन बाजूंनी डोक्यावर धरलं, पण वेग घेतला की वारा ते ओढून नेई आणि वेग कमी केला की नाथाजीला सवयीने आरशातून मागे बघावंसं वाटे. आरसा टपाबरोबर गेला होता.

"दादा," शालूबाई म्हणाली, "ऊन लागतंय रं."

"आलंच, बाय. नदी ओलांडली की झाडी हाय."

झाडी फारशी नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

येरळेच्या पात्रात गाडी मधोमध रुतली. मागची चाकं फिरली आणि वाळूत खाली गेली. लालासाहेब दोन गडी घेऊन पाठोपाठ घोड्यावर आले होते, काठावर टरबुजांच्या वाफ्यांत काम करणारी माणसंही धावली. सगळ्यांनी मागून खांदे लावले. राहीबाई डोळे मिटून बसली होती. तिने कनवटीची हळद काढून बाहेर वाळूवर टाकली आणि ओठ हलवले.

"एक, दोन, लावा," लालासाहेब म्हणाले.

गाडी हलली, आणि त्याच वेळी मागे कुठेतरी लोखंड उललं. मोठा आवाज नव्हता. वाळलेली फांदी पायाखाली मोडावी तेवढाच. गाडी काठाला लागल्यावर नाथाजी उतरून मागे गेला. बुजवलेल्या दाराच्या डाव्या जोडाला वरून खालपर्यंत चीर गेली होती. मागचं अंग खाली बसलं होतं, मडगार्ड चाकाच्या अगदी वर टेकायला आलं होतं. माणसांनी खांदे लावले होते ते नेमके त्या अंगाला. आत दांडे असते तर तो भार वाटला गेला असता.

"जाईल का?" लालासाहेबांनी हळूच विचारलं.

"जाईल."

तासगावपर्यंत गेली. शालूबाईचं ओरडणं थांबलं होतं. ती आता नुसती कण्हत होती, आणि हे नाथाजीला ओरडण्यापेक्षा वाईट वाटत होतं. बनाबाई अधूनमधून तिच्या ओठांना ओला फडका लावे. एकदा ती म्हणाली, "बाळाचा हात गार लागतोय." राहीबाईने तिला गप्प बसायला सांगितलं.

तासगावच्या वेशीबाहेर रबर जळल्याचा वास आला. उतरून पाहिलं, मडगार्डची कड टायरला घासत होती. धुळाने रस्त्याकडेचा दगड घेतला आणि खालून ठोकून ठोकून कड वर वळवली. प्रत्येक ठोक्याला गाडी हादरत होती.

"बास करा रं," राहीबाई म्हणाली. "पोरीला लागतंय."

"मावशे, अजून दोन ठोकं."

"बास म्हनलं न्हवं."

धुळाने दगड टाकला. पुढे निघाले. कवठे एकंदच्या अलीकडे डावं मागचं टायर फुटलं. गाडी एका अंगाला झुकत गेली आणि बाभळीच्या ओळीपाशी थांबली. टायरला वीतभर चीर पडली होती. जादा चाक गोठ्यात होतं. डिकी हलकी करायची म्हणून आठ दिवसांपूर्वी ते नाथाजीनेच काढून ठेवलं होतं, आणि निघताना कुणालाच ते सुचलं नव्हतं. लढाई संपली तरी टायर सरकारी चिठ्ठीशिवाय मिळत नव्हतं. तासगावात कुणाकडे असलं तरी त्या मापाचं असणार नव्हतं.

नाथाजी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

आधी एक सायकलवाला आला, मग उसाच्या दोन गाड्या. मग तासगावकडून गुळाच्या ढेपा भरलेली लॉरी आली. ड्रायव्हरने ब्रेक लावला आणि खाली न उतरताच आधी गाडीकडे पाहिलं.

"ही गाडी हाय का घमेलं?" तो म्हणाला. मग त्याला आत निजलेली बाई दिसली आणि त्याने इंजिन बंद केलं.

ढेपा बाजूला सारून जागा केली. पुन्हा घोंगड्याची चार टोकं धरून शालूबाईला वर घेतलं. तिचे डोळे अर्धे उघडे होते. नाथाजीने तिच्या तोंडाजवळ कान नेला. श्वास होता.

"दोगी बाया आन् एक मानूस," ड्रायव्हर म्हणाला. "जास्ती न्हाई. माझं टायरबी असलंच हायेत."

नाथाजीने मागच्या फळीवर पाय ठेवला होता.

"तू नगं," राहीबाई वरून म्हणाली. "धुळा यील."

"आय, मी येतो की."

"धुळ्यानं मिरजंचा दवाखाना बघितलाय, तिथं त्याच्या पायाचं आपरेशन झालतं. तो सांगंल कुठं न्यायचं ते. तू ऱ्हा तुज्या गाडीपाशी."

तिने आवाज चढवला नव्हता. धुळाने नाथाजीकडे पाहिलं, मग राहीबाईकडे, आणि वर चढला. बनाबाईने घोंगडं पुन्हा डोक्यावर धरलं. लॉरी निघाली. कवठ्याच्या वळणाला ती दिसेनाशी झाली तेव्हा साडेचार वाजले असतील.

नाथाजी थोडा वेळ रस्त्यात उभा राहिला. मग त्याने पायीच सांगलीच्या दिशेने चालायला सुरुवात केली. ढोरासारखा चालत राहिला. दोन वाहनांना हात केला, दोन्ही भरलेली होती, थांबली नाहीत. कवलापूरच्या अलीकडे सूर्य खाली गेला. समोरून सांगलीची प्रवासी मोटार आली. तो रस्त्यात आडवा गेला. ड्रायव्हर चिडला, पण थांबला.

"गुळाची लॉरी दिसली का वाटंत? वर एक बाई निजलेली?"

"दिसली की," ड्रायव्हर म्हणाला. "माधवनगरच्या फाटकात. फाटक पडलं हुतं. मालगाडी चालली हुती, संपता संपंना."

"बाई कशी हुती?"

"आता वरचं काय दिसनार, पावनं? एक म्हातारी बसली हुती उशाला. पदरानं वारं घालत हुती."

"आन् रडतबिडत?"

ड्रायव्हरने आठवून पाहिलं. मागच्या बाकावरचा एक प्रवासी वाकून म्हणाला, "न्हाई, रडत न्हवती. वारंच घालत हुती."

"फाटक उघडलं का मग?"

"आमच्या बाजूचं आदी उघडलं," ड्रायव्हर म्हणाला. "त्यांच्या बाजूचं म्हाईत न्हाई."