मधला खांब

शिरगावात कमळाकरशेठ घर बांधत होते आणि नकाशात हॉलच्या मधोमध दाखवलेला खांब त्यांच्या डोळ्यांत सलत होता. पोरीच्या हळदीला इथं दोनशे माणूस नाचवायचं, आणि मध्येच खांब? खांब नसेल तर स्लॅब वाकेल, हे स्ट्रक्चरल इंजिनीअर हर्षदाने तीनदा समजावलं. शेठ तिन्ही वेळा "हो मॅडम" म्हणाले. चौथ्या खेपेला ती आली, तर त्या खांबाच्या पायाचा मधला खड्डा मातीने निम्मा बुजलेला.

"शेठनी सांगितलं," मिस्त्री साईनाथ नजर चुकवत म्हणाला. "उद्या बाकीच्या खड्ड्यांत काँक्रीट टाकायचं."

हर्षदाला राग आला, त्याहून जास्त भीती वाटली. भांडावं, तर शेठ पुन्हा "हो मॅडम" म्हणणार आणि ती अंबरनाथच्या दुसऱ्या साइटवर पोचायच्या आत खड्डा सपाट होणार. मग तिचं डोकं भलतीकडेच चाललं. शेठच्या आई, सुंदराबाई, जुन्या घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"आजी, उद्या पायाची पूजा कुठं मांडणार?"

"ईशान्येला मांडतात ना, बाय."

"या घराचा सगळ्यात जास्त भार मधल्या खड्ड्यावर येणार आहे, म्हणून विचारलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सुंदराबाईंनी तिच्याकडे पाहिलं, बुजलेल्या खड्ड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

सकाळी शेठ येतात तो काय, मधला खड्डा उकरून लख्ख, आत हळद-कुंकू, फुलं, फोडलेला नारळ. काठावर आई, आणि शेजारच्या चार बाया. काँक्रीट बघायला आलेली हर्षदाही तिथंच उभी.

"आये, हा खड्डा आपल्याला नको हाय."

"पुजलेला खड्डा बुजवतोस? बुजव. माज्यासमोर बुजव."

गावकीच्या बैठकीत कुणाचं न ऐकणारे शेठ मुकाट बाजूला झाले. साईनाथने सळ्या उभ्या केल्या, काँक्रीट पडलं.

"मग हळदीला नाचायचं कुठं?" शेठ कुरकुरले.

"अंगनात. तुज्या हळदीला कुठं नाचले व्हते?"

हर्षदाने हसू दाबलं, पण मन खात होतं. म्हातारीला देवाच्या नावाने गंडवलं, हे काही बरं नाही. निघताना ती कबुली द्यायला वाकली, "आजी, त्या पूजेचं मी..."

सुंदराबाईंनी तिला दंडाला धरून कोपऱ्यात ओढलं.

"पूजा ईशान्येलाच व्हते, मना म्हाईत हाय. वांगणीला माजा भाऊस घर बांधतोय, त्याला दोन खांब नको झालेत. नारळ घेऊन कुठं बसू, तेवढं येऊन दाखव."