चौथ्या बोटाचा मित्र

मी एक जुना अंगुलीमित्र आहे. मित्रांनो, तुम्ही माझं नाव ऐकलं नसेल, त्यात तुमचा दोष नाही. आता मी काचेच्या कपाटात असतो आणि माझ्यासमोरून लोक पुढच्या दालनातला सोनेरी पियानो बघायला पळतात. पण एके काळी चांगल्या घरातलं मूल पियानो शिकायला बसलं, की आधी माझ्या ताब्यात यायचं. मी म्हणजे शिसवी लाकडाची एक पट्टी. तिच्यावर पितळेच्या पाच कड्या, प्रत्येक कडीला स्प्रिंग आणि स्प्रिंग कमीजास्त ताणायला एक स्क्रू. मला पियानोपुढे बसवायचं, मुलाची बोटं कड्यांत घालायची, चार बोटं बांधून ठेवायची आणि उरलेल्या एकानं स्प्रिंगच्या ओढीविरुद्ध पियानोची पट्टी दाबत राहायची. एवढंच माझं काम. ते मी इमानानं केलं.

माझा जन्म का झाला हे कळायला थोडा इतिहास ऐकावा लागेल. ज्या संगीतासाठी मी जन्मलो, त्यात फार पूर्वी नुसते गळे होते. उंच दगडी प्रार्थनागृहात सगळे मिळून एकच चाल गायचे. मग कुणाला तरी वाटलं, या चालीच्या डोक्यावर दुसरी चाल बसवून बघू. ती बसली. मग तिसरी, चौथी. चार चाली एकाच वेळी चालतात, एकमेकींच्या पायात पाय अडकत नाही आणि शेवटी सगळ्या एका ठिकाणी येऊन भेटतात, याचं त्या लोकांना वेड लागलं. हे सगळं एकट्या माणसाला वाजवता यावं म्हणून पट्ट्यांची वाद्यं आली. पहिली वाद्यं स्वभावानं गरीब होती. पट्टी दाबली, की पक्ष्याच्या पिसाचा तुकडा तारेला छेडून जायचा. वाजवणारे अंगठा फारसा वापरायचेच नाहीत. मधली बोटं एकमेकांवरून टाकत काम भागवायचे. पुढे दालनं मोठी झाली, तिकिटं आली, मागच्या रांगेतल्या माणसाचेही पैसे वसूल व्हायला हवे होते. पिसाच्या जागी हातोड्या आल्या. हळू आणि जोरात, दोन्ही वाजू लागलं. तारा जाड झाल्या, लाकडाच्या सांगाड्यात लोखंड आलं. वाद्य दर पिढीला बलदंड होत गेलं. माणसाचं बोट मात्र होतं तेवढंच राहिलं.

त्यातही चौथं बोट, म्हणजे करंगळीच्या शेजारचं, अगदीच कुचकामी. पंजा टेबलावर ठेवा, मधलं बोट दुमडून पंजाखाली घाला आणि आता चौथं उचलून बघा. नाही ना उचललं? ते आतून शेजाऱ्यांना बांधलेलं असतं. हाताची पाचही बोटं सारखी नसतात, अशी तुमच्यात म्हण आहे. ती खोटी पाडायला एका घड्याळजीनं मला घडवलं. त्याला सूर कळत नव्हता, पण स्प्रिंग कळत होती. ‘अंगुलीमित्र’ हे नाव त्याच्या मेव्हण्यानं दिलं. मेव्हणा जाहिराती लिहायचा आणि ‘मित्र’ हा शब्द कशालाही चिकटवायचा. टकलावर चोळायच्या तेलालाही त्यानं तोच चिकटवला होता.

मला विकत घेतलं एका पियानोच्या मास्तरांनी. तरुणपणी ते राजधानीतल्या संगीत विद्यालयाच्या परीक्षेला गेले होते आणि ‘चौथं बोट कच्चं’ एवढं ऐकून परत आले होते. त्या दिवसापासून त्यांच्या पोटात ते बोट सलत होतं. त्यांना दोन मुली. मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं आणि मायेनं पुसलं. मुलींनी मला बघितलं आणि माझं बारसं केलं, ‘खोडा’. मला वाईट वाटलं नाही. मुलांना आपलं हित कळत नसतं, हे तुम्हीही ऐकत आला असालच.

थोरली वाजवायला बसली, की स्वयंपाकघरात आई पातेलं हातात धरून तशीच उभी राहायची. मास्तरांना त्यातलं काही ऐकू यायचं नाही. सूर, ताल, मेळ, हळू वाजवण्यातला हळुवारपणा, सगळं त्या पोरीकडे होतं. मास्तरांचा कान चौथ्या बोटावर.

“बाकी ठीक. चौथं लंगडतंय,” ते म्हणायचे. “घाल हात.”

मग थोरली माझ्या कड्यांत बोटं घालायची. मास्तर छडीनं ताल धरायचे आणि स्क्रू फिरवायचं काम धाकटीकडे होतं. धाकटी तेव्हा सात वर्षांची. “थोडं फिरव गं,” बाबा म्हणायचे. ती थोडं फिरवायची, बाबांकडे बघायची, अजून फिरवायची. “शहाणी माझी!” बाबा म्हणायचे. तेवढ्या दोन शब्दांसाठी ती पोर काहीही फिरवायला तयार होती. थोरलीच्या वाट्याला ते शब्द कधी आल्याचं मला आठवत नाही.

एकदा थोरलीला रडू आवरेना.

“रडायचं तर तालात रड,” मास्तर म्हणाले. “एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.”

धाकटीला हसू फुटलं. तिनं टेबलावर थाप देऊन ताल धरला. खरं सांगतो, थोरलीचे हुंदके तालात आले. इतकी ती चांगली वाजवणारी होती.

आई दारात आली. “अहो, तिचा हात सुजलाय.”

“सुजला नाही, भरतोय. तू तुझं बघ.”

आईनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. त्या दिवशी स्क्रू आणखी फिरला. आईकडे गाऱ्हाणं नेलं की काय होतं ते थोरलीला कळलं आणि पुढे तिनं गाऱ्हाणं नेलं नाही.

राजधानीतली तीच परीक्षा आता थोरली देणार होती. तिला काही आठवडे राहिले असताना एका सकाळी तिचं चौथं बोट माझ्या कडीत आलं ते ओल्या फडक्यासारखं. स्प्रिंगनं ओढलं तर वर गेलं, सोडलं तर पडलं. मला लगेच कळलं. बोटांशी माझं तेवढं जवळचं नातं होतं. थोरलीनं ते दुसऱ्या हातानं उचलून बघितलं, हलवलं, चावून बघितलं.

“काय झालं गं ताई?” धाकटीनं विचारलं.

“काही नाही. फिरव तू.”

धाकटीला सांगितलेलं बाबांच्या कानावर जायला क्षणही लागला नसता. आणि बाबांना कळलं असतं, तर परीक्षा गेली असती. परीक्षा गेली, तर ती जन्मभर माझ्या कड्यांशी आणि त्या छडीशी अडकली असती. राजधानी म्हणजे तिच्या दृष्टीनं संगीतबिंगीत नव्हतं मित्रांनो, घराबाहेर जायचं ते एकच दार होतं.

मग मी एक विचित्र प्रकार पाहिला. मास्तर शिकवण्यांना बाहेर पडले, की ती पियानोचं झाकण बंद करायची आणि बंद झाकणावर वाजवायची. आवाज नाही, नुसती बोटं. तिच्या आजोबांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे, ते पिसानं वाजणारं जुनं वाद्य होतं. लहानपणी तिनं त्यांचा हात बघितला होता. तिसरं बोट चौथ्यावरून टाकून पुढे जायचं, जसे आजोबा जायचे. जिथे चौथ्यावाचून गत्यंतरच नाही, तिथे तो सूर डाव्या हाताकडे द्यायचा. परीक्षेची रचना तीन चालींच्या गुंफणीची होती आणि तिची मधली चाल सगळी चौथ्या बोटाच्या जिवावर. पोरीनं ती चाल दोन हातांत वाटून घेतली. मला राग आला. इतकी मेहनत मी घ्यायची आणि हिनं ऐनवेळी आजोबांचं मोडीत निघालेलं तंत्र काढायचं!

परीक्षेला मीही गेलो. शेवटच्या क्षणापर्यंत सराव व्हावा म्हणून मास्तरांनी मला पिशवीत घालून तिच्या खांद्याला अडकवलं होतं. मास्तरांना बाहेरच थांबवलं. आत विद्यालयाचे म्हातारे प्रमुख खिडकीकडे तोंड करून बसले होते. पोरांचे चेहरे बघितले की दया येते, असं त्यांचं म्हणणं. थोरलीनं वाजवलं. पहिली चाल आली, तिच्या मागून दुसरी, आणि मग मधली, दोघींच्या मधून अंग चोरत, पण एकेक सूर स्वच्छ. पिशवीच्या तोंडातून मला तिचा हात दिसत होता. चौथं बोट दुमडून पडलं होतं आणि बाकीची नऊ त्याच्या अंगावरून ये-जा करत होती.

म्हातारे तसेच खिडकीकडे तोंड ठेवून म्हणाले, “असं चौथं बोट मी कधी ऐकलं नाही. कुणी घडवलं?”

थोरलीनं पिशवीकडे बघितलं. “बाबांनी. याच्यावर.”

त्यांनी मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि तिथेच शिपायाला बोलावून विद्यालयासाठी माझी डझनभर भावंडं मागवली. करून गेलं कोण, नाव झालं कुणाचं! तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मानाचा दिवस.

घरी मास्तर रडले. पहिल्यांदाच. थोरलीची ट्रंक भरून दारात ठेवली होती आणि मास्तरांना तेवढाही दम निघेना. “धाकटे, ये इकडे. आता तुझी पाळी.” धाकटी उड्या मारत आली. किती दिवस ती या पाळीची वाट बघत होती! तिनं आपला इवलासा हात माझ्या कड्यांत घातला.

“ताई, दुखतं का गं?”

थोरलीचा एक शब्द पुरला असता. पण तो शब्द उच्चारला असता, तर चौथ्या बोटाची गोष्ट निघाली असती आणि ट्रंक पुन्हा उघडावी लागली असती.

“सवय होते,” ती म्हणाली.

“तूच फिरव,” मास्तर म्हणाले. “तुला अंदाज आहे.”

तिनं वाकून स्क्रू फिरवला. थोडा फिरवला. धाकटीच्या तोंडाकडे बघितलं आणि अजून फिरवला. मग तिनं ट्रंक उचलली.

धाकटीचं बोट दुसऱ्या वर्षी गेलं. तिनं आजोबांचा हात कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तिला पळवाट माहीत नव्हती. “हिच्यात संगीतच नाही,” मास्तरांनी निकाल दिला आणि ‘शहाणी माझी’ म्हणायचं बंद केलं. धाकटी घर सांभाळत राहिली. आधी आईचं आजारपण काढलं, मग बाबांचं.

दोघंही गेल्यावर तिनं मला फडक्यात गुंडाळलं आणि विद्यालयात ताईकडे घेऊन आली. थोरली आता तिथली प्रमुख होती. केस पिकले होते. धाकटी म्हणाली, “बाबांची आठवण म्हणून आणलं. काहीतरी वाजव ना ताई. तू गेल्यापासून ऐकलं नाही.”

थोरलीनं वाजवलं. धाकटी जवळ उभी राहून हाताकडे बघत होती.

“तुझं चौथं बोट,” ती मध्येच म्हणाली. “ते चालतच नाहीये.”

“परीक्षेच्या आधीच गेलं ते.”

“आधीच?” धाकटीनं स्वतःचा उजवा हात पदराखाली घेतला. “मग मला सांगितलं का नाहीस?”

“स्क्रू कोण फिरवत होतं?” थोरली शांतपणे म्हणाली.

“ताई, मी सात वर्षांची होते गं.”

थोरलीनं पियानोचं झाकण लावलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. पुढच्या तासाची मुलगी आली होती. धाकटी त्या मुलीच्या शेजारून निघून गेली, ती परत कधी आली नाही. थोरलीनं मला टेबलावर ठेवलं आणि स्प्रिंग बोटानं दाबून बघितली. विद्यालयात माझी भावंडं भिंतीला ओळीनं टांगलेली होती. ती काढून टाकायची तर कारण सांगावं लागलं असतं.

“बस बाळ,” ती नव्या मुलीला म्हणाली. “हा जुना आहे, पण बाकीच्यांपेक्षा हलका चालतो.”

थोरली वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आमची फॅशन गेली आणि मी या कपाटात आलो. माझं मागणं फार नाही. जुन्या वस्तूंची निगा राखा. महिन्याला तेलाचा एक थेंब द्या, कारण स्प्रिंग गंजली की कातडी सोलते. मला कुणी दुष्ट म्हणू नका. मी लाकूड आणि पितळ आहे, स्क्रू माझा मला फिरवता येत नाही. आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायची रीत आहे, म्हणून एक सांगतो. मित्रांनो, कुणी मोठं माणूस तुम्हाला “सवय होते” म्हणालं, तर आधी त्याचा हात बघायला मागा.