भाताच्या अगोदरची भाकर

रविवारी शहराच्या कडेला, मावल्यात घेतलेल्या खोलीला कुलूप लावता लावता नागनाथ बायकोला म्हणाला, "आज तुले सारं आदिलाबाद दावतो. पाह्य, अन् मंग सांग."

सांगायचं एकच होतं. नागनाथ आंध्र सरकारच्या मराठी शाळेत मास्तर. बदलीचा अर्ज उद्या दहाच्या आत हेडमास्तरांकडे द्यायचा होता. गावची, बेल्याची शाळा मागायची, की द्वारकानं आठ महिन्यांची लेक घेऊन इथंच राहायला यायचं? दोन वर्षं तो शहरात अन् ती बेल्याला सासरी, असाच संसार चालला होता. काल ती पहिल्यांदा इथं आली, तर हा म्हणतो, "तू म्हनशील तसं." एवढा हक्क तिला आजवर कोणी दिला नव्हता. तो धरावा कसा, हेच तिला कळेना.

सायकलच्या कॅरियरवर एका अंगानं बसून, लेकीला पोटाशी धरून ती शहर बघत निघाली. पाट्या सगळ्या तेलुगूत. म्हणून तिनं हॉटेलांच्या खुणा धरल्या. इथं इडली खाल्ली, शेंगदाण्याची पातळ चटणी दोनदा मागितली. पुढं इराणी चहा, जाड सायीचा. पण दोन चौक ओलांडले, तर पुन्हा तेच इडलीचं हॉटेल!

"आवो, फिरून तिथंच आलो का आपून?"

"नाई वं. हे दुसरं हाय."

"मंग येकसारखे काऊन बांधले?"

नागनाथ हसला तशी त्याची पाठ हलली, अन् सायकलही.

दुपारी तो तिला जेवणाच्या मोठ्या हॉटेलात घेऊन गेला. बसतात न बसतात तोच वाढप्यानं ताटात भाताचा ढीग ओतला. द्वारका चपापली. घरी भात आला म्हणजे जेवण उरकत आलं. आपल्याला उशीर झाला की काय? आजूबाजूला सगळे भातच कालवत होते. भाकरी गरम करून आणत असतील, असं म्हणून तिनं हात मांडीवर ठेवला अन् स्वयंपाकघराच्या दाराकडं डोळे लावून बसली.

"जेव ना."

"तुमी जेवा. मी जेवतो मंग."

वाढपी आला, तेलुगूत काही म्हणाला, अन् भाताच्या ढिगावर डाळ वाढून गेला. तिचं तोंड आणखीच उतरलं. नागनाथ तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं डावा हात खिशात घातला, घडी केलेला बदलीचा अर्ज काढला, उजवा हात पाण्यानं धुतला अन् शाळेच्या कोऱ्या जागेत पेनानं एक शब्द लिहिला.

"काय लिवलं?"

"बेला."

"काऊन?"

"तुले गमून नाई राह्यलं इथं. दिसते ना. येक घास नाई खाल्ला तू."

"अवो, मी तं भाकरीची वाट पाहून राह्यली!"

नागनाथनं पेन खाली ठेवलं. "भाकर इथं येतच नाई, येडे. हेच जेवन. मी बी पह्यल्या दिवशी असाच बसलो होतो, तुले सांगाचं भुलूनच गेलो."

मग ती जेवली. लाल चटणी जिभेला लागली अन् ती थबकली. अंबाडी! आपल्याच बांधावरची, फक्त तिखटात बुडवलेली. शेवटच्या दहीभाताचं एक बोट लेकीला चाटवलं, तर लेक दोन्ही हातांनी ताट ओढू लागली.

"मंग? खोडू?" नागनाथनं कागद पुढं केला.

द्वारकानं लेकीचा हात ताटातून सोडवला. बेल्याला लेकीला घ्यायला दहा हात होते. इथं रस्ताही ओळखीचा नव्हता. पण बेल्याला नवरा सुटीत आला, तरी त्याच्याशी दिवसा बोलायचं तर कारण शोधावं लागे. अन् आज सकाळपासून ती त्याच्या पाठीशी किती बोलली, त्याचा हिशेबच नव्हता. हे कारण म्हणून धरावं का? कोणाला सांगितलं तर हसतील.

"खोडा," ती म्हणाली, अन् स्वतःच दचकली.

त्यानं आडवी रेघ मारली, वर 'आहे तिथंच' लिहिलं, बाजूला सही केली.

"बरोबर केलं का आपून?" तिनं विचारलं.

"मले काय मालूम?"

"आन आत्याबाईले कोन सांगन?"

सासूला सांगावं लागेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. नागनाथनं तिच्याकडं पाहिलं, छताच्या पंख्याकडं पाहिलं, अन् हात वर करून वाढप्याकडं आणखी भात मागितला.