भिंतीवरची घरं

"इस्त्री दिसली पाहिजे हं, पेंटरभाऊ. नुसतं दार काढाल तर ते कुणाचंही वाटेल," इस्त्रीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली.

पेंटर शिडीवर उभा होता. त्याने भिंतीवरच्या तिच्या घरात टेबल काढलं, टेबलावर इस्त्री आणि शेजारी कपड्यांचा ढीग. ढीग जरा मोठाच झाला.

"एवढे कपडे मिळाले असते तर मी इथे कशाला राहिले असते?" ती म्हणाली, तशा नळावरच्या बायका हसल्या.

तीस वर्षं त्याने गाड्यांच्या नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आता पाट्या मशिनवर छापून येत. हाताला काम नव्हतं. अशात एका संस्थेची ताई वस्तीत आली. तिने सरकारी नकाशाची प्रत उलगडून दाखवली. वस्तीच्या जागी पांढरा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, 'मोकळी जागा'.

"म्हणजे आम्ही काय भुतं?" पेंटरने विचारलं.

"तेच तर दाखवायचंय, काका. आपला नकाशा आपणच काढायचा, त्या बंद गोदामाच्या भिंतीवर. एकूण एक घर, माणूस न माणूस. मग जागा मोकळी आहे असं कोण म्हणतं ते बघू."

दोन महिने काम चाललं. पोरं पावलांनी गल्ल्या मोजून येत, बायका रंग कालवत. प्रत्येकाला आपलं घर भिंतीवर हवं होतं आणि जसंच्या तसं हवं होतं. "माझी वरची खोली विसरू नकोस, नाहीतर सून रुसेल," पेंटरचा थोरला भाऊ बजावून गेला. टेलरने तर शेजारी उभं राहून दोन्ही शिलाई मशिनं काढून घेतली. पेंटर बोटांवरचा रंग तसाच ठेवून जेवायला बसे. "आधी हात धुवा, चित्रकार!" बायको म्हणायची. 'चित्रकार' म्हणताना तिचा आवाज थोडा मऊ व्हायचा.

उद्घाटनाला महापालिकेचे मोठे साहेब आले. ते भिंतीसमोर इतका वेळ थांबतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांच्या कारकुनाने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेका घराचा फोटो काढला.

"इतकं बारीक काम आमच्या माणसांनाही जमलं नसतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेंटरचा रंगलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

महिन्याभराने नोटिसा आल्या. जागा रिकामी करायची होती. ज्यांचं घर एका खोलीचं, त्यांना शहराबाहेर खोली मिळणार. ज्यांनी वर मजला चढवला किंवा घरात धंदा मांडला, ते अपात्र. प्रत्येक नोटिशीला पुरावा म्हणून एक फोटो जोडला होता. पेंटरने आपला ब्रश ओळखला. भावाच्या कागदावर वरची खोली होती, तिच्या खिडकीत वाळत घातलेला नातीचा लाल फ्रॉक झेरॉक्समध्ये काळा आला होता.

वस्तीत अपात्रांचीच गर्दी होती. पेंटरच्या कागदावर मात्र 'पात्र' असा शिक्का होता.

खरं तर वरची खोली त्याच्याही घराला होती. मुलगा, सून आणि तान्हं बाळ तिथेच झोपत. पण स्वतःचं घर त्याने सगळ्यांत शेवटी काढायला घेतलं, तेव्हा भिंत संपत आली होती. कोपऱ्यात जेमतेम एक दार मावलं. आपलं काय, चालतंय, असं म्हणून तो शिडीवरून उतरला होता.

"स्वतःची खोली बरी विसरलास!" भाऊ नळावर सगळ्यांदेखत म्हणाला. "उगाच नाही साहेबाने हात धरला."

पेंटर कळशी उचलून घराकडे वळला. बोलून कुणाला पटलं असतं?

ताई वकिलांकडे, वर्तमानपत्रांकडे पळत होती. एका संध्याकाळी ती भिंतीसमोर येऊन बसली. "काका, मला वाटलं होतं..." त्याने तिला पाणी आणून दिलं.

इस्त्रीवालीच्या दारात जायला त्याला चार दिवस लागले. ती एका शर्टाची कॉलर दाबत होती.

"वहिनी..." तो बाहेरूनच म्हणाला.

"तुमचं काय चुकलं? मीच म्हटलं ना, इस्त्री दिसली पाहिजे." तिने शर्टाची घडी घातली. "दिसली."

दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला. "माझ्याही घराला वर खोली आहे," त्याने कारकुनाला सांगितलं.

कारकुनाने फाइल उघडली. "चित्रात नाही."

"चित्र मीच काढलंय. चुकलंय ते."

"अहो, लोक इथे पात्र व्हायला येतात. तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला आलात? जा घरी."

"एकदा येऊन बघा तरी."

"बघायला माणसं असती तर भिंतीचे फोटो कशाला काढले असते?"

घरी येऊन त्याने सांगून टाकलं, आपण ती शहराबाहेरची खोली घ्यायची नाही. बायको बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. "बरं," ती म्हणाली. "मग याला कुठे निजवू? तुमच्या पश्चात्तापावर?"

घरं पाडायच्या आदल्या दिवशी टेम्पो आला. पहिल्या खेपेला मुलगा, सून आणि बाळ गेले. दुसऱ्या खेपेला लोखंडी कपाट उरलं. प्रत्येक दारात बोचकी पडली होती, माणसं बोचक्यांवर बसली होती. कुणी वाट अडवली नाही, कुणी हातही लावला नाही. भाऊ दुसरीकडे पाहत होता. पेंटरने आणि बायकोने जोर लावला, कपाट जागचं हललं नाही. टेम्पोवाला म्हणाला, "माझं काम गाडी चालवायचं."

समोरून इस्त्रीवाली उठून आली. "बाजूला व्हा," ती बायकोला म्हणाली. "पेंटरभाऊ, तुम्ही खालून धरा. उंबरा आहे, जपून."

दोघांनी कपाट उचललं आणि सगळ्या गल्लीसमोरून टेम्पोपर्यंत नेलं. कपाट आत सरकलं तेव्हा पेंटरला धाप लागली होती.

"वहिनी, तुम्ही आता कुठे..."

"आरसा आहे त्याला," ती म्हणाली. "दोरी घट्ट बांधा. पुढे रस्ता खराब आहे."

हात झटकत ती परत गेली आणि आपल्या बोचक्याची सुटलेली गाठ बांधू लागली.