लँडमास्टरच्या इंजिनाचं अंदाजपत्रक

लँडमास्टरच्या बॉनेटमधून कारल्याचा वेल बाहेर आला आणि त्याला पहिलं कारलं धरलं, तेव्हा नंदकुमारनं मान्य केलं की गाडी बरेच दिवस बंद आहे.

तोवर तो 'सध्या बंद आहे' असं म्हणायचा. सध्या म्हणजे तीन वर्षं. गाडी सत्तावन्न सालची. रिटायर होताना त्याच्या साहेबांनी ती स्वस्तात दिली, नंदकुमारनं वाशीपर्यंत चालवत आणली, घरासमोर लावली, आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. गाडीनं ठिकाण बघून प्राण सोडला, असं त्याची बायको सरोजिनी म्हणायची. ती सानपाड्याच्या शाळेत गणित शिकवायची आणि एरवी अतिशयोक्ती करत नसे. कारली मात्र तिनं काढून भाजी केली. चांगली झाली होती.

भाजी वाढतानाच ती म्हणाली, "फ्रीजचे आठ हजार साठलेत."

"हो," नंदकुमार म्हणाला. त्याला वाटलं विषय फ्रीजचा आहे.

"ते मी तुम्हाला देते. दसऱ्यापर्यंत, आठ हजारांत, ही गाडी चालली पाहिजे. नाहीतर दसऱ्याला पोपट येऊन घेऊन जाईल. तो अठराशे देतोय. मी विचारून ठेवलंय."

पोपट हा तुर्भ्याचा भंगारवाला. गेले सहा महिने तो गल्लीत आला की लँडमास्टरसमोर जरा थांबायचा, हातगाडीवर कोपर टेकून तिच्याकडे बघायचा. नंदकुमारला ती नजर आवडत नसे. दवाखान्यात शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक आपल्या पेशंटकडे बघतात तशी ती होती.

"आणि आठ हजार एक झाले तर?"

"तर पोपट," सरोजिनी म्हणाली.

नंदकुमारला खरं तर अट आवडली. तो सरकारी खात्यात एस्टिमेटर होता. रस्त्याखालून पाणी जायला ज्या मोऱ्या बांधतात, त्यांचे अंदाज करायचा. आजवर एकशे बारा मोऱ्या. त्यातली एकही अंदाजाबाहेर गेली नव्हती. चौदा बांधल्याच गेल्या नव्हत्या, पण तो भाग वेगळा. दगड असो की सिमेंट, नंदकुमार ते मेजरमेंट बुकात घ्यायचा: नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण. या पाच रकान्यांत जगातली कुठलीही वस्तू बसते असं त्याचं अनुभवानं मत झालं होतं. लग्नाआधी सरोजिनीला बघायला गेला तेव्हा परत येताना आईनं विचारलं, मुलगी कशी वाटली. तो म्हणाला होता, "साधारण पाच फूट दोन."

त्यानं दुसऱ्याच दिवशी नवं मेजरमेंट बुक उघडलं. पहिली बाब लिहिली: 'जागा साफ करणे, वेल मुळासकट काढणे.' दहा रुपये. मग बॉनेट उघडून, पोटावर झोपून, टेपनं मोजमाप सुरू केलं.

डिझेल इंजिन टाकायचं हे ठरलेलंच होतं. पेट्रोलच्या निम्म्या भावात डिझेल मिळत होतं आणि मुंबईत कितीतरी जुन्या गाड्यांच्या पोटात टेम्पोची इंजिनं गेली होती. पण तशा इंजिनाला सहा हजार पडत होते. सहा हजारांत इंजिन घेतलं तर उरलेल्या दोन हजारांत क्लच, रेडिएटर, बॅटरी, मजुरी आणि आरटीओ बसेना. नंदकुमारनं तीन रात्री आकडे फिरवले. एकदा तर बॅटरी वगळून बघितली. अंदाज सुंदर बसला. गाडी सुरू झाली नसती, एवढंच.

मग ऑफिसच्या शिपायानं नावड्याच्या कासिमचं नाव सांगितलं.

कासिम मूळचा उरणकडचा. बाप होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, हा होड्यांची आणि शेतातल्या पंपांची करायचा. नावड्याला रस्त्याकडेला त्याची पत्र्याची शेड होती. नंदकुमार एस्टीनं उतरून शेडमध्ये शिरला तेव्हा लाकडी ओंडक्यांवर एक हिरवं इंजिन बसलेलं होतं, चार सिलिंडरचं, आणि त्याच्याखाली एक मांजर झोपलं होतं.

"मुंबईला दारूखान्यात, जुन्या बोटी फोडतात तिथं, एक लाँच फोडली, तिच्यातलं हाय," कासिम म्हणाला. "बेचाळीसशेला देईन."

"चालतं का?"

कासिमनं पाण्याचं पिंप सरकवलं, नळी आत सोडली आणि इंजिन सुरू केलं. मांजर उठून गेलं. शेड हलायला लागली.

"पाणी कशाला?" नंदकुमार ओरडून म्हणाला.

"बोटीत ह्ये समुद्राचं पानी पितं. थंड व्हायला."

"तासाला किती?"

कासिमनं त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या अकरा वर्षांच्या धंद्यात समुद्राचं पाणी कुणी तासावर विचारलं नव्हतं. "साहेब, समुद्र हाय. मोजत नाय कोन."

"पण मी रेडिएटर लावणार. मला किती लागेल ते कळायला पाहिजे."

मग दोघांनी बादलीनं मोजलं. कासिमलाही गंमत वाटायला लागली. इंजिन बंद करून त्यांनी लांबी घेतली, रुंदी घेतली, उंची दोनदा घेतली कारण एकदा मांजर मध्ये आलं. वजनासाठी शेजारच्या कोळशाच्या वखारीतला काटा आणला. बोल्टांची संख्या, त्यांच्यातली अंतरं, रंग. नंदकुमार प्रत्येक आकडा मोठ्यानं बोलायचा आणि कासिम तो पुन्हा म्हणायचा, आरतीत मागून म्हणतात तसा. इंजिन लँडमास्टरच्या पोटात दीड इंच राखून बसत होतं. नंदकुमारनं पान भरलं, खाली रेघ मारली, सही केली आणि सवयीनं कासिमचीही सही घेतली.

अंदाज असा बसला: इंजिन बेचाळीसशे. जुना गिअरबॉक्स तसाच ठेवून इंजिनाला जोडायला तळोज्याच्या लेथवर एक जाड प्लेट आणि नवा क्लच, सातशे वीस. मोठा रेडिएटर, मोठी बॅटरी, आरटीओ. कासिमची मजुरी चौदाशे, सोळाशेवरून उतरवलेली. इंजिन नावड्याहून वाशीला आणायला टेम्पो. एकूण सात हजार नऊशे सत्तर.

सरोजिनीनं बेरीज तपासली. पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. "तीस रुपये उरतात," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात किंचित आदर होता.

कासिम बारा दिवस येत होता. घरासमोर लोखंडी तिपाई उभी केली, साखळीच्या कप्पीनं जुनं इंजिन उचलून भिंतीशी ठेवलं आणि हिरवं खाली सोडलं. ते खरंच दीड इंच राखून बसलं. शेजारचे येऊन बोट घालून बघून गेले. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी इंजिन सुरू झालं, रेडिएटर गरम झाला नाही, धूर थोडाच आला. नंदकुमारला लगेच एक चक्कर मारायची होती.

"पूजेआधी नाही," सरोजिनी म्हणाली. "तीन वर्षं थांबलात. रात्रभर थांबा."

सकाळी लँडमास्टरला झेंडूचा हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, पुढच्या दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. कासिम आला होता, आणि ठरल्याप्रमाणे पोपटही. दोरखंड आणि हातगाडी घेऊन. ती त्यानं गाडीच्या मागे उभी केली आणि नवा शर्ट सावरत म्हणाला, "सणाचं आलोय. घाई नाय. बगा तुमी चालवून."

नंदकुमार आत बसला. शेजारी सरोजिनी. इंजिन पहिल्याच झटक्यात धडधडायला लागलं. त्यानं स्टिअरिंगखालचा दांडा पहिल्या गिअरमध्ये टाकला, क्लच हळूच सोडला, आणि लँडमास्टर अत्यंत सन्मानानं मागे गेली.

पोपटनं हातगाडी ओढून बाजूला घेतली. लिंबं जागच्या जागी होती.

"उलटा पडला गिअर," नंदकुमार म्हणाला. पुन्हा पहिला टाकला. गाडी पुन्हा मागे. दुसरा टाकला. गाडी मागेच गेली, जरा लवकर. शेजारचे हात जोडून उभे होते, ते हात तसेच ठेवून मान वळवत राहिले.

नंदकुमारला घाम फुटायला हवा होता. पण त्याला पहिली गोष्ट सुचली ती अशी की तिसऱ्यात काय होतं ते बघावं. तिसऱ्यातही मागेच.

"मग रिव्हर्स टाका," सरोजिनी म्हणाली.

त्यानं टाकला. गाडी पुढे निघाली, गल्लीभर चालून आली आणि दोन्ही लिंबं चिरडून घरासमोर थांबली. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग आजूबाजूला बघून थांबवली.

कासिम बॉनेट उघडून वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. मग सरळ होऊन म्हणाला, "डावं इंजिन हाय."

"म्हणजे?"

"लाँचीला दोन असतात. एक उजवीकडं फिरतं, एक डावीकडं. तशी दोन नसली तर लाँच वाकडी जाते. ह्ये डाव्या बाजूचं."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोटीला काय फरक पडत नाय, साहेब. पंखा उलटा बसवला की झालं. मला काय माहीत गाडीचं. तुमी लांबी विचारली, रुंदी विचारली, वजन विचारलं, समुद्र विचारला. रंग बी लिवून घेतला. फिरतंय कुनीकडं, ते कुटं विचारलं?"

नंदकुमारनं मेजरमेंट बुक आणलं. पान उघडलं. नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण. खाली दोघांच्या सह्या. मोऱ्या फिरत नाहीत. एकशे बारा मोऱ्यांमध्ये हा प्रश्न कधी आला नव्हता.

"बाई, दोन हजार देतो," पोपट हळूच म्हणाला. "सण हाय म्हनून."

सरोजिनीनं त्याला हातानं थांबवलं. ती कासिमकडे वळली. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "इंजिनाचा दांडा गाडीच्या लांबीत फिरतो. चाकं रुंदीत फिरतात. तर मग फिरणं वळतं कुठे?"

"मागं," कासिम म्हणाला. "मागच्या दोन चाकांच्या मदी गोळा हाय ना, त्यात. दातेरी चक्र असतं."

"एका बाजूला?"

"एका बाजूला."

"ते दुसऱ्या बाजूला असतं तर?"

नंदकुमार रस्त्यावर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. त्याच्या मागोमाग कासिम सरकला. बाहेर चार पाय राहिले. आतून बराच वेळ फक्त "हं" ऐकू येत होतं, कधी एकाचं, कधी दुसऱ्याचं.

"गोळा उलथा बसवायचा," कासिमचा आवाज आला. "होतंय. तेल भरायचं भोक तेवढं खाली येतं. ते वर नवीन पाडाया लागंल."

"किती?" सरोजिनीनं विचारलं.

"दोन दिवस. अडीचशे."

बेरीज गाडीखालीही सगळ्यांना येत होती. सात हजार नऊशे सत्तर आणि अडीचशे. नंदकुमार बाहेर आला नाही. आपण बाहेर आलो की गाडी जाणार, आणि आत आहोत तोवर ती आपल्या अंगावर तरी आहे, असा काहीसा त्याचा विचार होता.

"आठ हजार दोनशे वीस," सरोजिनी म्हणाली. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

पोपटनं दोरखंड उचलला. खरं तर त्यालाही आता बरं वाटत नव्हतं. गाडी मागे का होईना, चालली होती, आणि चालती गाडी दोरीनं बांधून न्यायची म्हणजे त्याला कसंतरीच होत होतं. त्याची नजर भिंतीकडे गेली. "ते तरी द्या मग," तो जुन्या इंजिनाकडे बोट करून म्हणाला. "सणाचं रिकामं कुटं जाऊ. दीडशे देतो."

"दोनशे वीस," सरोजिनी म्हणाली.

"बाई, तडा गेलाय त्याला."

"तड्यानं वजन कमी होत नाही."

"दोनशे."

"दोनशे वीस."

"दोनशे वीसच का पन?"

"कारण तेवढेच कमी पडतायत."

पोपटनं विचार केला. एवढं प्रामाणिक कारण त्याला धंद्यात कुणी दिलं नव्हतं. त्यानं कमरेचा बटवा काढला आणि नोटा मोजल्या. सरोजिनीनं त्या मेजरमेंट बुकात ठेवल्या, वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाली, "बाहेर या. आठ हजारांत बसली."

नंदकुमार बाहेर आला. त्याच्या पाठीला झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. तो म्हणाला, "बरोबर आठ हजार."

"तर मी गोळा उतरवतो," म्हणून कासिम पान्याला हात घालणार, तेवढ्यात सरोजिनीनं विचारलं, "चौथा गिअर राहिला ना बघायचा?"

"राहिला," नंदकुमार म्हणाला.

"मग उद्या उतरवा, कासिमभाई. परत असं बघायला मिळणार नाही."

वाशीत तेव्हा पुढच्या सेक्टरांचे रस्ते आधी झाले होते आणि घरं नंतर होणार होती. रुंद, डांबरी, दिवे लावलेले, आणि दोन्ही बाजूंना गवत. तिथपर्यंत लँडमास्टर रिव्हर्समध्ये पुढे गेली, चालत्या माणसाच्या वेगानं. कासिम पाण्याचा डबा घेऊन शेजारून चालत होता. मोकळा रस्ता लागल्यावर त्यानं डबा खाली ठेवला. नंदकुमारनं पहिला टाकला, दुसरा, तिसरा, आणि चौथा. गाडी पाठमोरी सुसाट निघाली. हार पुढे लोंबत होता, म्हणजे मागे. सरोजिनी सीटवर गुडघे टेकून उलटी बसली होती आणि वेगाच्या काट्याचे आकडे नंदकुमारला विचारत होती.

"काटा शून्याच्या खाली गेलाय," नंदकुमार म्हणाला. "हे काही मला कळत नाही."

"लिहून ठेवा," ती म्हणाली.

मागच्या सीटवर पोपट होता. हातगाडीवर इंजिन बांधून झालं तेव्हा त्यानं सहज विचारलं होतं, मी येऊ का, आणि कुणी नाही म्हणालं नव्हतं. तो मागच्या काचेला नाक लावून बसला होता. गाडी जिकडे चालली होती तिकडचं नीट दिसत होतं ते फक्त त्यालाच.

"म्हैस हाय," तो शांतपणे म्हणाला. "उजवीकडनं घ्या. म्हंजे माज्या उजवीकडनं."