तोड केल्याशिवाय

“मेला,” कोकिळा म्हणाली आणि भावजयीचा खडा तिनं पटावरून उचलला. नंदाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. हे रोजचंच होतं. दुपारची भांडी घासून झाली की ओसरीच्या फरशीवर या दोघींचा चंगाष्टा रंगायचा. अर्धे केलेले चार चिंचोके खुळखुळवून टाकायचे, पडेल तेवढी घरं चालायचं, वाटेत दुसरीची सोंगटी सापडली तर मारायची आणि पुन्हा एकदा टाकायचं.

आज मात्र नंदाबाईची सून सुरभी मध्ये पडली. ती दिग्रसच्या एका शाळेत शिकवायची आणि नुकतंच कसलंसं प्रशिक्षण घेऊन आली होती. त्यात काल तिची लेक अर्पिता सोंगटी मेली म्हणून रडली होती. सुरभीनं मेलेला खडा परत जागेवर ठेवला. आजपासून कुणी कुणाला मारायचं नाही, सगळ्यांनी मिळून सगळ्या सोंगट्या मधल्या घरात न्यायच्या, मग सगळेच जिंकले, असं तिनं वर्गातल्या आवाजात समजावून सांगितलं.

“अन तोड?” कोकिळेनं विचारलं.

चंगाष्ट्याचा नियमच असा, की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय, म्हणजे तोड केल्याशिवाय, आतल्या घरांत शिरता येत नाही. बाहेरच्या बाहेर गरगर फिरत राहायचं. सुरभी म्हणाली, आता तोडही रद्द. कोकिळेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिला कळंबला दिलं होतं. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा सासूनं सांगितलं, मिळूनमिसळून राहा. कोकिळा भांडली नाही. पिशवी उचलून माहेरी आली. पोरीनं गावाच्या तोंडी लागू नये, घरातच तिचा जीव रमावा, म्हणून तिच्या बापानं, नानाजीनं, छिन्नी घेऊन हा पट फरशीत कोरला. पुढं नानाजी गेला आणि घर भावाचं झालं. कोकिळेनं कापूस वेचला, तूर सोंगली, भावाची लेकरं न्हाऊमाखू घातली. गाय ठेवायची की विकायची इथपासून भाजीत मीठ किती इथपर्यंत माघार तिनंच घ्यायची. गाव म्हणे, कोकिळाबाईसारखी समजूतदार बाई नाही. ज्याच्या ताटातलं काढून घ्यायचं त्याला आधी समजूतदार म्हणायचं, ही लोकांची जुनीच खोड. फक्त या पटावर ती कुणाच्या बापाला ऐकत नसे.

नव्या पद्धतीनं खेळ झाला. सगळ्या सोंगट्या सुखरूप मधल्या घरात पोचल्या. अर्पितानं टाळ्या वाजवल्या. खेळ कसला, अळणी पिठलं ते.

कोकिळेचा धाकटा भाऊ खांबाला टेकून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. आजा झाला तरी गावाला तो पिंटूच. त्याला हा नवा खेळ फारच पसंत पडला.

“हेच तं मी सांगून राह्यलो, बाई. आपल्यात कायची हारजीत? उद्या दारव्ह्याले जाऊ, सही करून टाक.”

सही हक्कसोडीची, तिथल्या कचेरीत करायची. नानाजीच्या मागं वावर दोघा भावंडांच्या नावावर लागलं होतं. बहिणीनं आपला हिस्सा भावाला सोडायचा आणि भावानं तिला साडी घ्यायची, ही इकडची रीत. मोरपंखी साडी आणून झाली होती, जीपही सांगून झाली होती. कोकिळेला तेवढं कुणी विचारलं नव्हतं. समजूतदार बाईला काय विचारायचं?

तिनं हातातले चिंचोके फरशीवर आपटले.

“हारजीत नाही म्हनतं ना? मंग राहू दे वावर दोघाइच्या नावानं. सही कायले पायजे?”

पिंटूचा हात थांबला. खेळ वेगळा आणि व्यवहार वेगळा, असं काहीतरी सुरभी पुटपुटली. नंदाबाईला मात्र राहवलं नाही.

“याले म्हनतात खाल्ल्या घरचे वासे मोजनं.”

“मोजीन. माह्या बापानं टाकले ते.” कोकिळा थांबली नाही. “तुमी मले रोज मारता. चुलीपाशी मारता, वावरात मारता. मी एक खडा उचलला तं खेळच बदलून टाकता. नाही येत मी दारव्ह्याले.”

दुसऱ्या दिवशी जीप दारात आली, हॉर्न वाजवत राहिली आणि रिकामीच परत गेली. पिंटू बहिणीकडे न बघता जेवला आणि निघून गेला. कोकिळेनं साडीची घडी न मोडता ती त्याच्या खाटेवर ठेवून दिली.

दुपारी ती ओसरीत पटासमोर बसली. आज खेळायला कुणी येणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं दोघींच्या सोंगट्या मांडल्या, आपले बांगडीचे तुकडे आणि नंदाबाईचे खडे. भावानं घराबाहेर काढलं तर कुठं जायचं, याची भीती वाटत होती. त्या भीतीचाही तिला राग येत होता.

आतून नंदाबाई आली. तिच्या हातात ती मोरपंखी साडी होती. ती समोर बसली आणि साडीचा काठ दोन बोटांत चोळत राहिली.

“जरीची हाय,” ती म्हणाली. “माह्या भावानं तं साधी सुतीच देल्ली होती.”

नंदाबाईच्या माहेरी वावर होतं, हे कोकिळेला माहीत होतं. त्याचं पुढं काय झालं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

नंदाबाईनं साडी बाजूला भिरकावली, चिंचोके ओढून घेतले आणि जोरात आपटले. पडली तेवढी घरं मोजत तिचा खडा कोकिळेच्या बांगडीच्या तुकड्यावर येऊन थांबला. तिनं तो तुकडा उचलला.

“मेली,” ती म्हणाली. डोळे भरले होते आणि दात घट्ट आवळलेले होते.

कोकिळेनं आपला तुकडा तिच्या हातातून घेतला, पहिल्या घरात नव्यानं मांडला आणि चिंचोके गोळा करून तिच्यापुढं सरकवले.

“तोड झाली तुही,” ती म्हणाली. “टाक अजून.”